हवाई अंतराचे जाणकार

मुलगा अमेरिकेत स्थिरावला आणि स्वतःचे निवृत्तिवेतन सुरू झाले, की पुण्याच्या कोथरूडमधील मध्यमवर्गीय गृहस्थाच्या अंगी जे नवे पांडित्य संचारते, त्याचा विषय बहुधा मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर असतो. हे अंतर सुमारे 12,550 किलोमीटर आहे, ही माहिती कोणी विचारलेली नसताना देणे हे या वर्गाचे पहिले लक्षण होय. पश्चिमेला जायचे असून विमान उत्तरेला का वळते, असे शेजाऱ्याने अनवधानाने विचारलेच, तर हे गृहस्थ कपाटावरचा पृथ्वीगोल उतरवतात, दोन्ही शहरांवर सुतळीची टोके धरून ती ताणतात, आणि ती अरबस्तानकडे न जाता फिनलंड-स्वीडनवरून चढत ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी कशी पोहोचते ते दाखवतात. हाच बृहद्वृत्ताचा मार्ग, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर आखलेल्या वर्तुळाचा तुकडा, आणि तोच सर्वांत जवळचा. हे सिद्ध होईपर्यंत शेजाऱ्याचा चहा निवलेला असतो.

दुसरे लक्षण वेळेच्या हिशेबाचे. ताशी 900 किलोमीटर वेगाने 14 तास पुरावेत. परंतु 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा, म्हणजे जेट प्रवाह, जाताना समोरून येत असल्याने सुमारे 16 तास लागतात आणि परतताना पाठीशी असल्याने त्यातले तास-दीड तास वाचतात. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ साडेदहा तास मागे असल्यामुळे रात्री दीडला निघालेले विमान त्याच दिवशी सकाळी सातला उतरते, हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर ही सोय स्वतः करून दिल्याचे समाधान असते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा तर सुतळी पुन्हा निघाली आणि नव्या वळशाचे गणित सोसायटीच्या बाकावर आठवडाभर चालले.

मुलगा प्रवासात असला, की मोबाइलवरील नकाशात सरकणाऱ्या चिमुकल्या विमानावर त्यांची नजर खिळते आणि वेग, उंची व बाहेरचे तापमान यांची वार्ता स्वयंपाकघरापर्यंत पोहोचवली जाते, तिथून "अहो, पण जेवला असेल का तो?" असा प्रश्न आला, की या शास्त्राची मर्यादा उघड होते.

स्वतः निघताना मात्र हेच गृहस्थ रात्री दीडच्या विमानासाठी दुपारी दोनला घर सोडतात, कारण घाटात काय होईल याचा भरवसा नसतो. द्रुतगती मार्गावरचा बटाटेवडा, ताणकाट्यावर तीनदा तोललेल्या बॅगा आणि अद्याप न उघडलेल्या काउंटरसमोरची प्रतीक्षा धरून दीडशे किलोमीटरांना साडेअकरा तास पडतात. परंतु त्यांच्या हिशेबात या तासांची नोंद होत नाही, कारण अभ्यासाचा विषय हवाई अंतर हा आहे.