रबरकाका

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा कॉम्प्युटर चालू होईना. बटण दाबलं, काही नाही. मग सगळे जे करतात ते मी केलं, म्हणजे तेच बटण जरा रागाने दाबलं. तरी काही नाही. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती आणि तिने खालच्या मजल्यावर बातमी दिली, "अहो, आमचा कॉम्प्युटर बंद पडलाय."

सातव्या मिनिटाला बेल वाजली. दारात रबरकाका.

तुमच्या सोसायटीतही ते आहेत, फक्त नाव वेगळं असेल. निवृत्त, शर्टच्या खिशात टेस्टर, आणि कुणाच्याही घरातलं काहीही बंद पडलं की चेहऱ्यावर लग्नाची पत्रिका आल्याचा आनंद. आमच्या काकांच्या खिशात टेस्टरशेजारी एक पांढरं खोडरबर असतं. बिल्डिंगमधल्या पोरांनी त्यावरून त्यांचं बारसं केलं.

काकांच्या मते जगातला प्रत्येक बिघाड एकच असतो. कॉन्टॅक्ट. दोन धातू एकमेकांना टेकायला हवेत, मध्ये मळ बसतो, मग ते टेकत नाहीत, मग आपण म्हणतो मशीन बिघडलं. मशीन कधी बिघडत नसतं हो, कॉन्टॅक्ट सुटतो! आणि सुटलेल्या कॉन्टॅक्टवर उपाय एकच, खोडरबर.

टीव्हीचा रिमोट चालेना, त्यांनी सेल काढून आतल्या स्प्रिंगा घासल्या. चालला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना ऐकू येईना, कानातल्या मशीनचं टोक घासलं. ऐकू यायला लागलं, आणि सूनबाईंनी महिनाभर काकांशी अबोला धरला. गणपतीत ऐन आरतीत माईक गेला, तर काका तबक तसंच दुसऱ्याच्या हातात देऊन माईकची पिन घासायला बसले. एटीएम कार्ड घासून झालं, सिमकार्ड घासून झालं. एकदा सोसायटीच्या वार्षिक सभेत चेअरमन आणि सेक्रेटरी एकमेकांकडे पाठ करून बसले होते. काका माझ्या कानात म्हणाले, "दोघांचा कॉन्टॅक्ट सुटलाय." शपथेवर सांगतो, त्यांचा हात खिशाकडे गेलेला मी पाहिला.

हे वेड कुठून आलं तेही सांगतो, कारण त्यांनी मला ते नऊ वेळा सांगितलंय. काका टेलिफोन खात्यात होते. त्या वेळची एक्स्चेंज म्हणजे कपाटांच्या रांगाच्या रांगा आणि त्यांत हजारो रिले. कुणी नंबर फिरवला की आत खडखडाट व्हायचा, एक पट्टी दुसरीला टेकायची आणि पुण्याचा आवाज साताऱ्याला पोचायचा. त्या पट्ट्यांची टोकं स्वच्छ ठेवणं हे काकांचं काम. पुढे १९८४ साली सी-डॉट स्थापन झालं, हळूहळू इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आली, खडखडाट थांबला. काकांना टेबलावर बसवलं आणि फायली दिल्या. फायलींना कॉन्टॅक्ट नसतो. उरलेली नोकरी त्यांनी, त्यांच्याच शब्दांत, "नुसती सह्या करून" काढली.

तर असा हा माणूस. कॉम्प्युटर घेतल्यापासून बारा वर्षं मी त्याला मोठ्या शिताफीने त्यापासून लांब ठेवलं होतं.

"दुकानात नेला नाहीत ना?" चपला काढता काढता काकांनी विचारलं.

"नाही, पण आता नेणारच..."

"दुकानात न्यायचा नाही! काय वाटेल ते झालं तरी दुकानात न्यायचा नाही." हे त्यांचं दुसरं पालुपद. मला वाटायचं, गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून असेल. गिऱ्हाईक कसलं, पैसे घेत नाहीत ते एक सोडा.

मग मागण्या सुरू झाल्या. जुना पेपर, पण रविवारची पुरवणी नको, ती वाचत बसायला होतं. स्क्रूसाठी स्टीलची वाटी. बिनसाखरेचा चहा. आधी त्यांनी भिंतीतल्या प्लगमध्ये टेस्टर घातला, दिवा लागला. स्पाइकगार्ड पाहिला, मागचा स्विच पाहिला, मॉनिटरची केबल काढून कॅबिनेटला लावून पाहिली. इथवर सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. मग त्यांनी कॅबिनेटचं झाकण सरकवलं आणि घरात झेंडूचा वास पसरला.

दर खंडेनवमीला आम्ही कॉम्प्युटरला हार घालतो. हार दुसऱ्या दिवशी काढतो, पण पाकळ्यांचं काय होतं याचा विचार कुणी करत नाही. आत बारा दसऱ्यांचं निर्माल्य होतं. पंख्याच्या पात्यांत केशरी चुरा, प्रोसेसरवर अक्षता, तळाशी एक मेलेलं झुरळ आणि त्याच्या अंगावर शेल्यासारखं पडलेलं आपट्याचं पान.

"लेखक," काका म्हणाले, "पूजा बाहेरून करायची असते."

ब्रशने सगळं झाडून झाल्यावर त्यांनी रॅमच्या दोन पट्ट्या उपटल्या आणि ज्या क्षणाची मी धास्ती घेतली होती तो आला. खोडरबर बाहेर निघालं. पट्टीच्या सोनेरी दातांवरून ते एकाच दिशेने, चंदन उगाळावं तसं फिरू लागलं. घासायचं, फुंकर मारायची, उजेडात धरायचं, पुन्हा घासायचं.

आता मलाही थोडं कळतं. रॅमचा मळ हे दुखणं खरं आहे, नाही असं नाही. पण त्यात पंखा फिरतो, बीप बीप होतं, फक्त पडदा काळा राहतो. इथे पंख्याचं पातंही हलत नव्हतं. घरात लाईट नाही म्हणून पुस्तकाचं पान पुसण्यातला हा प्रकार. मी हे बोलून दाखवलं.

"आधी गणपती, मग बाकीचे देव," काका म्हणाले आणि दुसरी पट्टी घेतली.

गणपती झाला, देव पावला नाही. मग मात्र मी एक वेगळेच काका पाहिले. मदरबोर्डवरचं बटणाचं कनेक्शन काढून त्या दोन पिना त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या. म्हणजे दोष बटणात आहे का ते कळतं. नव्हता. मग एसएमपीएसचा, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचा, चोवीस पिनांचा चपटा कनेक्टर सोडवला, त्यातली हिरवी वायर शोधली आणि माझ्या लग्नाच्या फाईलची यू-पिन काढून हिरवी आणि शेजारची काळी यांत खोचली. एसएमपीएसचा पंखा गरगर फिरायला लागला. "हा जिवंत आहे," ते म्हणाले. कनेक्टर पुन्हा बोर्डाला लावून पिना जोडल्या. पंख्याने एक उचकी दिली आणि थांबला. पुन्हा जोडल्या, पुन्हा उचकी.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बोर्डाला नाक लावलं. बराच वेळ वर आलेच नाहीत.

"बघा," ते म्हणाले. प्रोसेसरच्या कडेला उभ्या असलेल्या छोट्या नळकांड्यांची डोकी सपाट असायला हवीत. त्यातल्या पाचांची डोकी पुरीसारखी टम्म फुगली होती, एकातून तपकिरी चीक बाहेर आला होता, आणि खालचा बोर्ड करपला होता. कपॅसिटर. बोर्ड आत कुठेतरी शॉर्ट झालाय, म्हणून एसएमपीएस जीव वाचवायला स्वतःच बंद होतो. "नळकांडी तपकीर गल्लीत मिळतील, बदलूनही देईन. पण बोर्ड जळलाय."

"मग?"

"गेला," काका म्हणाले. खोडरबर त्यांनी खिशात ठेवलं. कॉन्टॅक्ट हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. खरं सांगायचं तर मला थोडं बरं वाटलं. बारा वर्षं वाट पाहिली होती.

जाताना त्यांनी हार्ड डिस्क तेवढी काढून पेपरात गुंडाळली. "आत काय आहे?"

मी म्हणालो, विशेष काही नाही. फोटो मोबाईलवर आहेत. मग आठवलं. "बाबांच्या काही फाईली आहेत. निवृत्तीनंतर एमएससीआयटी केलं होतं त्यांनी. आठवणी टाइप करायचे."

काका तीन दिवस दिसले नाहीत. बायको म्हणाली, बघा, डिस्क घासत बसले असतील. चौथ्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन आले. मी नवा लॅपटॉप आणला होता. तो त्यांनी उचलून उलटा केला, पाठीवरून बोट फिरवलं, आणि शेजाऱ्याच्या नव्या जावयाकडे बघावं तसं बघून खाली ठेवला. चार स्क्रू होते, त्यांची डोकी चांदणीच्या आकाराची. काकांच्या कुठल्याच स्क्रूड्रायव्हरला ती घेणार नव्हती.

"एकशे चौदा फाईली होत्या, एकशे चौदा आल्या," ते म्हणाले. "एकच उघडली, हो. उघडते का ते बघायला. तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि कंस. जुन्या शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलंय वडिलांनी, तो आताच्या मशीनवर नसतो. माझ्या जुन्या सीडीत सापडला, तोही टाकलाय. मराठी दिसतं का ते बघायला पहिली ओळ वाचावी लागली. पुढचं नाही वाचलं."

चहा आला. काकांनी बशीत ओतला आणि बशीकडे बघतच बोलले. "आमचा २००९ साली बंद पडला होता. तेव्हा मला यातलं काही येत नव्हतं. दुकानात नेला. दुसऱ्या दिवशी पोरगं हसत हसत म्हणालं, काका, फॉरमॅट मारलाय, आता एकदम नव्यासारखा पळेल." त्यांनी एक घोट घेतला. "पळाला हो. चांगला पळाला."

त्यात काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही. काकू जाऊन त्या वेळी किती दिवस झाले होते, हे मी मनातल्या मनात मोजलं आणि विचारलं नाही.

पेनड्राइव्ह लावला. लॅपटॉपला दिसेना. उलटा करून पाहिला, बसेना. पुन्हा सुलटा लावला, तरी दिसेना. काकांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि माझ्याकडे बघून अर्ध्यात थांबला.

"घासा काका," मी म्हणालो.

त्यांनी चार वेळा घासलं, एक फुंकर मारली. लावला. टुंग वाजलं. अगम्य अक्षरांचा एक ढीग पडद्यावर आला, काकांनी वरून फॉन्ट निवडला, आणि ढिगाऱ्यातून बाबा वर आले : माझा जन्म वाईचा, घाटाच्या पायऱ्यांवर पोहायला शिकलो.

एरवी रिमोटचा सेल बसला तरी "कॉन्टॅक्ट!" म्हणून बिल्डिंग डोक्यावर घेणारा हा माणूस. बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत त्याचं रबर खरं ठरलं होतं. मी वाट पाहत होतो. त्यांनी बशी उचलली, खिडकीकडे तोंड केलं आणि गार झालेला चहा संपवेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत.

जाताना मात्र जुन्या कॅबिनेटमधला एसएमपीएस काखेत मारून गेले. जिवंत आहे, म्हणाले.