आयएसओ काका

आमच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं उजेडाशी वाकडं आहे. लख्ख उन्हात ते कॅमेरा पिशवीतून बाहेरसुद्धा काढत नाहीत. ‘‘उन्हात काय, कुणीही काढेल!’’ त्यांचा पराक्रम दिवेलागणीनंतर सुरू होतो. कार्यालयातले दिवे गेले की बाकीचे वऱ्हाडी जनरेटरवाल्याला शोधतात. काकांची कळी खुलते. पोरं त्यांना आयएसओ काका म्हणतात आणि काकांना तो किताब वाटतो.

अंधारातले फोटो दाणेदार येतात, ही त्यांची एकमेव व्यथा. रक्तातली साखर वाढली तर चालेल, नॉइज वाढता कामा नये. 2014 साली सोनीने ए7एसचा आयएसओ 409600 पर्यंत नेला. काका आजही तो आकडा ‘चार लाख नऊ हजार सहाशे’ असा, चेकवर लिहावा तसा, पूर्ण अक्षरी उच्चारतात.

मागच्या दिवाळीत एफडी मोडून फुल फ्रेम बॉडी आली. ‘‘36 बाय 24 मिलिमीटर! जुन्याच्या सव्वादोन पट सेन्सर, सव्वादोन पट उजेड!’’ गणित चोख आहे, फक्त पुढे लावलेली लेन्स किटमधलीच आहे. झूम केली की तिचं छिद्र एफ 5.6 वर आक्रसतं. 50 मिलिमीटरची एफ 1.8 लेन्स लावली तर तेवढ्याच वेळात जवळपास दहापट उजेड आत येईल, आणि तिची किंमत या बॉडीच्या पासंगालाही पुरणार नाही. हे मी सुचवून पाहिलं. ‘‘एवढ्या स्वस्तात नॉइज जात असता तर लोकांनी नव्या बॉड्या कशाला घेतल्या असत्या?’’ यावर काय बोलणार! ट्रायपॉडचा विषय काढायचाच नाही. तो म्हणे हात थरथरणाऱ्यांसाठी असतो.

त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळेपाशी काकू हातात पणती घेऊन उभ्या होत्या. चेहऱ्यावर खालून सोनेरी उजेड, नाकातली नथ चमकत होती. ‘‘हलू नकोस!’’ काका आयएसओ चढवत राहिले, मग उतरवत राहिले. पणतीतलं तेल ओघळून काकूंच्या मनगटापर्यंत आलं. शेवटी एकदाचं शटर वाजलं. काकांनी लगेच फोटो पडद्यावर मोठा केला. काकूंचा चेहरा बाजूला सारला, नथ ओलांडली आणि कानामागच्या काळोखात बोट रोवून विजयी मुद्रेने म्हणाले, ‘‘बघ! दाणा आहे का कुठे?’’ दाणा नव्हता. काकू मात्र पुसट आल्या होत्या, कारण शटर उघडं असताना त्यांना पोळलं होतं.

तेवढ्यात नातीने फोन समोर धरला. आठ-दहा झटपट फोटो घेऊन त्यांचा एक करण्याचं काम फोनने परस्पर उरकलं. सध्या काकूंच्या व्हॉट्सअॅपवर तोच फोटो आहे. काकांचं मत, त्यात सावल्यांना खोली नाही.

आता त्यांचं लक्ष आणखी नव्या मॉडेलवर आहे, त्यामुळे ही बॉडी विकायची आहे. वस्तू नव्यासारखी आहे, दिवसाउजेडी तर वापरलेलीच नाही. कुणाला हवी असल्यास थेट काकूंशी बोलावं. भाव त्या करतील, आणि किट लेन्स फुकट देतील.