धामणकर नाक्यावरील भागधारक

भिवंडीचा माणूस कापडाच्या बाबतीत फसत नाही अशी त्याची स्वतःची समजूत आहे, आणि ती बव्हंशी खरी आहे. तागा समोर आला की तो प्रथम त्याची घडी उलगडतो, उजेडाकडे धरतो, चिमटीत चुरगळून पाहतो, मग खिशातून भिंग काढून एका इंचात उभे धागे किती आणि आडवे किती ह्याची मोजदाद करतो, आणि इतके सर्व झाल्यावरही भाव सांगताना चेहऱ्यावर असे काही औदासीन्य आणतो की विकणाऱ्यावर उपकार करावा म्हणूनच तो हा माल नाइलाजाने उचलीत आहे असे पाहणाऱ्यास वाटावे. असे असताना ह्याच शहरातील ह्याच चिकित्सक मंडळींनी २०२१ सालच्या दिवाळीनंतर, ज्याचा ना उभा धागा पाहिला ना आडवा, अशा एका कंपनीचे शेअर दरडोई सहा-सहा, दर शेअरास २,१५० रुपये ह्या हिशेबाने, भिंग खिशातच ठेवून कसे काय विकत घेतले, ह्या प्रश्नाचा उलगडा व्हावा म्हणून मी धामणकर नाक्याजवळच्या एका चहाच्या टपरीवर बराच काळ श्रोत्याची भूमिका पत्करून बसत आलो आहे.

कंपनीचे दप्तरी नाव वन ९७ कम्युनिकेशन्स. परंतु ते नाव टपरीवर जमणाऱ्या सभेतील कोणाच्याही जिभेवर कधी आलेले मी ऐकले नाही. सर्वांच्या लेखी ती पेटीएम. तिची आणि भिवंडीची ओळख जुनी, आणि ज्या प्रसंगाने ती वाढली तो प्रसंग भिवंडीला सुखाचा नव्हता. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, कारागिरांची मजुरी रोखीने चुकती करण्याचा रिवाज असलेल्या ह्या गावात मागांचा खडखडाट ठिकठिकाणी थांबला, आणि त्याच दिवसांत ह्या कंपनीचा तो निळा-पांढरा चौकोन पानवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वत्र चिकटला. पुढे बरोबर पाच वर्षांनी, ८ नोव्हेंबर २०२१ ह्या तारखेस, कंपनीने आपल्या शेअरांची विक्री उघडली. भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते, बोनस आणि ओवाळणी वाटून काहींच्या हाती थोडी शिल्लक उरली होती, आणि तारखेचा हा योग शकुन समजावा की इशारा समजावा ह्याचा खल करण्यास कोणाला सवड नव्हती.

विक्रीच्या अटी आज स्वस्थपणे वाचल्या म्हणजे त्यांत लपवाछपवी अशी काहीच नव्हती हे पाहून मन अधिकच थक्क होते. एकंदर रक्कम १८,३०० कोटी. तोवर ह्या देशात एवढी मोठी विक्री झालेली नव्हती. त्यांपैकी ८,३०० कोटी कंपनीच्या तिजोरीत जायचे, आणि उरलेले १०,००० कोटी जुन्या भागधारकांना, म्हणजे जे आपला हिस्सा विकून निघाले होते त्यांना मिळायचे. ज्या कंपनीच्या वहीत नफ्याची परंपरा नाही तिने आपल्या विक्रीतील किमान तीन-चतुर्थांश वाटा मोठ्या संस्थांसाठी राखावा आणि सामान्य माणसाच्या पुढ्यात फार तर दशांश ठेवावा असा सेबीचा नियम आहे; आणि नियम करणाऱ्याचा हेतू लहान माणसाचा हात पोळू नये हा आहे हे उघड आहे. धामणकर नाक्यावर ह्या दशांशाचा अर्थ निराळा लागला. मोठ्या लोकांनी सगळे स्वतःकडे ठेवून आपल्याला दहावा हिस्साच देऊ केला, त्या अर्थी माल अस्सल असलाच पाहिजे, अशी मखलाशी तेथे एकमताने मंजूर झाली, आणि तो दशांश देशभरातील अशाच मंडळींनी मिळून दीडपटीहून अधिक मागितला.

ह्या व्यवहारात माझ्याकडे एक काम आले. मला इंग्रजी वाचता येते अशी ह्या परिसरात वदंता असल्यामुळे कंपनीचे माहितीपत्रक माझ्याकडे वाचनार्थ सोपवण्यात आले. अर्थात अर्ज भरून, पैसे अडकवून झाल्यानंतर. त्या विस्तीर्ण ग्रंथात कंपनीने दस्तुरखुद्द नमूद केले होते की आजवर आम्ही तोटाच सोसत आलो आहोत आणि आमचा खर्च पुढेही वाढेल असा आमचा अंदाज आहे. २०२०-२१ ह्या एका वर्षाचा तोटा १,७०१ कोटी होता. मी ही कबुली मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा सभेत क्षणभर शांतता पसरली, मग महसूल खात्यातून तलाठी म्हणून निवृत्त झालेले भाऊसाहेब, ज्यांचे सारे आयुष्य कागदावर काय लिहिले आहे आणि जागेवर काय आहे ह्यांतील अंतर मोजण्यात गेले, ते म्हणाले, "अहो, ते सगळ्याच कागदांवर असतं. छापील मजकूर तो!" आणि माहितीपत्रकाचे वाचन तहकूब झाले.

१८ नोव्हेंबरला शेअर बाजारात उतरला. उघडला तो १,९५० च्या आसपास, आणि संध्याकाळी १,५६४ वर थांबला. म्हणजे जन्मदिवशीच शंभरातले सत्तावीस गेले. मॅक्वारी नावाच्या एका पेढीने त्याच दिवशी ह्याची रास्त किंमत १,२०० रुपये ठरवली होती, तेव्हा सभेचा सारा रोष त्या पेढीवर गेला आणि एखाद्याच्या बारशाला येऊन पोराचे आयुष्य किती हे सांगणाऱ्या ज्योतिष्याला जी वागणूक मिळावी ती तिला, तिच्या गैरहजेरीत, मिळाली.

येथून पुढे ह्या सभेला खरे तेज चढले. शेअर चढत असता तर मंडळी आपापल्या कामाला लागली असती; उतरू लागला म्हणून ती रोज जमू लागली. अध्यक्षस्थानी अर्थातच भाऊसाहेब. त्यांच्या उजव्या हाताला चोवीस मागांचे मालक असलेले शेठ, ज्यांचे अर्धे माग मागणीअभावी बंद असत आणि उरलेल्या अर्ध्यांकडे जॉबर पाहत असे. पलीकडे पद्मानगरचे सुताचे दलाल अण्णा, घरी तेलुगू, बाजारात हिंदी आणि टपरीवर मराठी बोलणारे. आणि कोपऱ्यात, मानकोलीकडच्या एका गोदामात पुड्यांवर यंत्राचा लाल प्रकाश टाकण्याची नोकरी करणारा एक पोरगा, ज्याला ह्या सभेत मत नव्हते, फक्त मोबाइलवर चालू भाव वाचून दाखवण्याचा हुद्दा होता.

भाऊसाहेबांनी प्रथम सरासरीचा सिद्धान्त मांडला. २,१५० ला घेतलेल्या सहांत १,५६४ चे सहा मिळवले की सरासरी १,८५७ होते. त्यांत ८०० चे बारा मिळवले की ती १,३२८ वर येते. ही आकडेमोड ते चहाच्या बिलामागे अशा सुवाच्य अक्षरात करीत की पाहणाऱ्यास तोटा झाल्याचे नव्हे तर जमाबंदीत सूट मिळाल्याचे समाधान व्हावे. पहिल्या अर्जात १२,९०० रुपये गुंतले होते आणि आता जवळजवळ ३२,००० गुंतले आहेत, हा दुसरा आकडा मात्र त्या बिलावर कधी उमटला नाही. शेअर उतरतो आहे, सरासरी उतरते आहे, तेव्हा दोन गोष्टी आपल्या मनासारख्या होत आहेत, असे ते म्हणत. त्यांतली पहिली कोणाच्या मनासारखी होती हे विचारण्याचे धैर्य श्रोत्यांत नव्हते.

डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने आपलेच शेअर बाजारातून, फार तर ८१० रुपये दराने, ८५० कोटींपर्यंत परत घेण्याचे जाहीर केले. शेठ ह्यावर पुष्कळ वेळ गंभीर राहिले. वर्षापूर्वी २,१५० ला विकलेला माल आता ८१० ला परत मागणारा व्यापारी कापड बाजारात त्यांच्या दारी आला असता तर त्यांनी त्याला पाणीही विचारले नसते, परंतु येथे ते म्हणाले, "बघा, मालकाला स्वतःच्या मालावर भरवसा आहे." नोव्हेंबर २०२३ मध्ये वॉरन बफे ह्यांच्या बर्कशायर कंपनीने २०१८ साली घेतलेल्यापैकी आपला उरलेला सारा हिस्सा ८७७ च्या भावाने, तोटा सोसून, विकून टाकला, तेव्हाही सभा डगमगली नाही. नव्वदी ओलांडलेल्या ह्या गृहस्थास धीर उरलेला नाही, असा अभिप्राय नोंदवून भाऊसाहेबांनी प्रकरण निकाली काढले.

धीराच्या बाबतीत सभेचा आदर्श होते अण्णा. त्यांच्यापाशी सत्यमचे शेअर होते. ७ जानेवारी २००९ रोजी त्या कंपनीच्या अध्यक्षांनी वह्यांतील आकडे खोटे असल्याची लेखी कबुली दिली आणि आदल्या दिवशी १७९ ला असलेला शेअर त्या एका दिवसात चाळिशीवर आला, तेव्हा हैदराबादच्या कंपनीचा अभिमान बाळगणारे अण्णा ते कागद तसेच धरून बसले. पुढे कंपनी टेक महिंद्राने घेतली. २०१३ मध्ये दोहोंचे विलीनीकरण होऊन सत्यमच्या सतरांमागे टेक महिंद्राचे दोन मिळाले, आणि २०१५ मध्ये बोनस व विभाजन होऊन त्या दोहोंचे आठ झाले. सतराचे दोन आणि दोनाचे आठ ही कथा अण्णा इतक्या भक्तिभावाने सांगत की नव्या श्रोत्याला सत्यमची लबाडी हा भागधारकांच्या भाग्योदयाचा आवश्यक विधीच वाटावा. माझे नम्र मत असे की ह्या सभेचे सर्वाधिक नुकसान तोट्यातल्या माणसांनी नव्हे, अण्णांच्या ह्या एका खऱ्या गोष्टीने केले.

मग ३१ जानेवारी २०२४ उजाडला. रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेला हुकूम केला की २९ फेब्रुवारीनंतर खात्यांत नव्या ठेवी घेऊ नयेत. मुदत पुढे १५ मार्चपर्यंत वाढली. शेअर पहिल्या दिवशी ७६१ वरून ६०९, दुसऱ्या दिवशी ४८७, आणि दिवसाची मर्यादा वीस टक्क्यांवरून दहावर आणल्यामुळे तिसऱ्या दिवशी ४३८. गोदामातला पोरगा भाव वाचून दाखवीत होता, पण विकणाऱ्यांची रांग लागलेली आणि घेणारा कोणी नाही, अशा स्थितीत तो भाव म्हणजे निव्वळ घोषणा होती. हुकूम बँकेवर आहे, कंपनीवर नाही, हा मुद्दा भाऊसाहेबांनी उचलून धरला. "खाती विभक्त आहेत," ते म्हणाले. "पण चूल एक आहे," असे अण्णा उत्तरले. आणि कायद्याच्या दृष्टीने भाऊसाहेबांचे व बाजाराच्या दृष्टीने अण्णांचे, अशी दोन्ही म्हणणी बरोबर असल्यामुळे वाद संध्याकाळपर्यंत चालला.

ह्या वादास विघ्न आले ते टपरीवाल्याच्या पेटीचे. पैसे जमा झाले की मोठ्याने सांगणारी ह्याच कंपनीची ती बोलकी पेटी साखरेच्या डब्यावर बसवलेली असे आणि शोकसभा रंगात आली की मध्येच "दहा रुपये प्राप्त हुए" असे ओरडून सर्वांना दचकवीत असे. उपस्थितांत टपरीवाला एकटाच असा होता ज्याच्यापाशी कंपनीचा एकही शेअर नव्हता, आणि तो एकटाच असा होता जो पेटीच्या भाड्यापोटी कंपनीला दरमहा उत्पन्न देत होता. हुकुमाच्या आठवड्यातच त्याने ती पेटी काढून दुसऱ्या कंपनीची बसवली. भागधारकांचा संताप अनावर झाला. गेली दोन वर्षे येथे बसून आम्ही तुझा धंदा चालवला आणि संकटसमयी तू उलटलास, अशा आशयाचा जाबजबाब झाला. टपरीवाल्याने कैफियत दिली ती अशी की ह्या दोन वर्षांत भाऊसाहेब चहाचे पैसे रोख देतात, शेठ महिन्याच्या उधारीवर पितात, अण्णा दुसऱ्याच कंपनीच्या ॲपवरून भरतात, आणि त्या पेटीत वाजणारे दहा रुपये नेहमी कोणा परक्या गिऱ्हाइकाचे असत. भाऊसाहेबांना रोखीचे कारण विचारले गेले. "हल्ली ह्या कंपन्यांचा काय भरवसा?" असे ते अनवधानाने बोलून गेले आणि सभा बरखास्त झाली.

मे महिन्यात शेअर ३१० पर्यंत खाली गेला. त्या सुमारास सभेत न विचारता गोदामातल्या पोराने ३५० च्या आसपास काही शेअर घेतले. ऑगस्टमध्ये कंपनीने आपला तिकिटविक्रीचा व्यवसाय झोमॅटोला २,०४८ कोटींना विकला, त्या एका विक्रीच्या बळावर त्याच तिमाहीत ९३० कोटींचा नफा दाखवला, आणि वर्षाखेरीस भाव हजाराच्या पलीकडे पोहोचला. पोराने ९०० ला विकून टाकले आणि दुचाकीचा पहिला हप्ता भरला. त्याला आता सभेत बसू दिले जात नाही. त्याचे चुकले काय हे कोणी स्पष्ट सांगत नाही. त्याला अनुभव नाही, एवढेच भाऊसाहेब म्हणतात, आणि ज्याला तोटा झालेला नाही त्याला ह्या विषयात बोलण्याचा अधिकार नाही हा सभेचा अलिखित दंडक मला तेव्हा कळला. चालू भाव वाचून दाखवण्याचा हुद्दा सध्या रिकामा असून तो माझ्याकडे येण्याचा संभव दिसतो.

मंडळींचा निश्चय कायम आहे. २,१५० आल्याखेरीज विकायचे नाही, एक रुपया कमी नाही. तेव्हा वाचकांपैकी कोणाची ह्या भावाने खरेदी करण्याची मनापासून तयारी असल्यास त्यांनी संध्याकाळी पाचनंतर धामणकर नाक्यावर यावे. माल तयार आहे, विकणारे हजर आहेत. भाऊसाहेबांपुरती मात्र रक्कम रोख आणावी.