मीटर बंद, गाडी चालू

दिल्लीत डिझेलची गाडी 10 वर्षांची झाली की म्हातारी, असं 2015 साली हरित लवादाने ठरवूनच टाकलं. मग ती ना-हरकत दाखला घेऊन दुसऱ्या राज्यात उतरते आणि पुन्हा वयात येते. आमच्या बेंबळी गावात 10 वर्षांची गाडी म्हणजे नवीच की. सीटवरचं प्लास्टिक तेवढं निघालेलं असतं.

विकणारा सांगतो, "मास्तरांची गाडी, एकहाती, 60 हजारच फिरलीय." मीटरही तेच दाखवतं. खोटं काहीच नाही. मीटर बंद पडून 8 वर्षं झाली, एवढंच. जाणतं गिऱ्हाईक मीटरकडे बघतच नाही. बैलाचे दात बघावेत तसं ते क्लचच्या पायडलवरचं रबर बघतं. रबर झिजून लोखंड चकाकत असेल, तर 60 हजार ही किंमत समजायची आणि तिथून खाली यायचं.

सरकारचा हिशेब 15 वर्षांचा. पुढे दर 5 वर्षांनी फेरनोंदणी. कारला 600 रुपये लागायचे, 2022 मध्ये 5000 झाले. वर पर्यावरण कर वेगळा. पावती फाडली की धूर कायदेशीर. खड्ड्यातलं वर्ष आणि महामार्गावरचं वर्ष मात्र या हिशेबात सारखंच मोजतात.

मिस्त्रीला विचारलं, "गाडी जुनी झाली का हो?" त्याने बॉनेट न उघडताच सांगितलं, "इंजिनात लायनर टाकू, मग दोन वर्षं बगायचं काम न्हाई."