भंगाराला भाव

पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२५ च्या फेब्रुवारीत चिखलीजवळच्या कुदळवाडीत भंगाराच्या गोदामांवर बुलडोझर चालवला. पोलिसांचा फौजफाटा, पोकलेन, धूळ, आणि हजारो पत्राशेड बघता बघता भुईसपाट. भोसरी, तळवडे, चाकण इथल्या कारखान्यांतून निघणारा पत्रा, प्लास्टिक, पुठ्ठा वर्षानुवर्षं इथे येऊन पडायचा. भंगारात पैसा आहे, हे या पट्ट्यात शेंबड्या पोरालाही कळतं. कंपनीच्या भंगाराचा ठेका कोणाला मिळाला यावर गावकीचं राजकारण फिरतं, आणि कोणाला मिळाला नाही यावर पोलीस ठाण्याची डायरी.

या धडाक्यातून एक भंगार सहीसलामत सुटलं, कारण ते पत्र्याखाली नव्हतंच. हातात फोन आला त्या दिवसापासून माणसांनी फेसबुकवर, ट्विटरवर जे जे टाकलं ते सगळं जिथल्या तिथे पडून आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा, क्रिकेटवरून घातलेल्या शिव्या, बायकांवरचे आंबट विनोद, नेत्यांवरच्या चारोळ्या. या मालाचा ठेका वर्तमानपत्रांनी, विशेषतः त्यांच्या संकेतस्थळांनी, घेऊन बरीच वर्षं झाली. टेंडर निघालं नाही, अनामत भरावी लागली नाही. माल उचलायचा, पुसायचा, ‘ताजी बातमी’ची चिठ्ठी चिकटवायची आणि पुढे पाठवायचा.

त्यातला एक नग हातात घेऊन पाहावा. मथळा असतो, ‘“ती” जुनी पोस्ट पुन्हा चर्चेत, नेटकरी संतापले, म्हणाले...’ ही शेवटची तीन टिंबं फार कष्टाची असतात, कारण वाचकाचं बोट त्यांच्यावरच पडायचं असतं. पहिला परिच्छेद सांगतो की अमुक यांची एक पोस्ट सध्या ‘तुफान’ व्हायरल होत आहे. दुसरा परिच्छेद तेच शब्द मागेपुढे करून तेच सांगतो. मग जाहिरात. मग संतापाचा पुरावा म्हणून तीन प्रतिक्रिया: एक शिवी, मधल्या अक्षरावर फुली मारून, एक ‘दादा, तुम्ही फक्त आवाज द्या’, आणि एक बिनतारण कर्ज देणाऱ्याची जाहिरात. एवढ्या भांडवलावर राज्यभर संतापाची लाट उठते. नेटकरी नावाची ही जमात कोणत्या तालुक्यात राहते याची जनगणनेत नोंद नाही, पण तिचा राग मराठी पत्रकारितेला बारा महिने पुरतो.

खरी खुबी क्रमात आहे. बातमी येण्याआधी त्या पोस्टला सहा वर्षांत चार लाइक मिळालेले असतात. त्यातला एक मेहुण्याचा, एक चुकून दाबला गेलेला. सकाळी बातमी लागते, दुपारी लोक चिडतात आणि संध्याकाळी तेच वर्तमानपत्र लोक चिडल्याची बातमी देतं. दुसऱ्या दिवशी ‘अखेर मौन सोडलं’. तिसऱ्या दिवशी ‘दिलगिरी’. चौथ्या दिवशी ‘दिलगिरीवरही नेटकरी नाराज’. एका पोस्टमध्ये आठवड्याची बेगमी होते.

याचं सगळं श्रेय मोबाइलला देणं मात्र अन्यायाचं होईल. पुणेकरांनी हा उद्योग घोड्याच्या टांग्यांच्या काळात करून ठेवला आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. टिळक होते, रानडे होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कपाला हात लावला, आणि सगळे आपापल्या घरी गेले. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव जोशी यांनी मग काही महिन्यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. झालं! जो चहा पोटात केव्हाच जिरला होता त्याने गावात आग लावली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, ग्रामण्य झालं, आणि शेवटी टिळकांना आणि रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. जुना मजकूर, नवी बातमी, संताप, दिलगिरी: कपातल्या चहाचा स्क्रीनशॉट काढता येत नव्हता एवढीच काय ती उणीव.

ती उणीव पुढे भरून निघाली. जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीत घरी बसून लोक कंटाळले असताना, अग्रिमा जोशुआ या विनोदी कलाकाराच्या २०१९ मधल्या कार्यक्रमाची फीत कोणीतरी वर काढली. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाबद्दल एका संकेतस्थळावर लोक काय काय लिहितात, ते तिने वाचून दाखवलं होतं. वर्षभर ते कोणाला खुपलं नव्हतं. आता मुंबईत खारमधल्या त्या कार्यक्रमाच्या मंचाची तोडफोड झाली, गृहमंत्री अनिल देशमुख यांनी पोलिसांना कायदेशीर कारवाई करायला सांगितलं, आणि तिने माफी मागितली. तेवढ्यात वडोदऱ्याच्या एका तरुणाने तिला बलात्काराची धमकी देणारा व्हिडिओ टाकला. शिवरायांच्या सन्मानासाठी बरं का! त्याला अटक झाली. मग इतर विनोदवीरांच्या जुन्या फितींची झडती सुरू झाली, आणि काहींनी आपल्याला अजून कोणी पकडलेलं नाही हे पाहून आधीच माफी मागून टाकली.

पिंपरी-चिंचवडला माफीचं वावडं कधीच नव्हतं. १५ ऑगस्ट २०१८ रोजी शहराला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं, आणि त्याच आठवड्यात पिंपळे सौदागर परिसरात ‘शिवडे, आय अ‍ॅम सॉरी’ असे सुमारे तीनशे फ्लेक्स लागले. रुसलेल्या मैत्रिणीसाठी एका पठ्ठ्याने केलेला तो खटाटोप होता. नव्या आयुक्तालयाच्या वाकड पोलिसांनी त्याचा छडा लावला. माफी मागणाऱ्याचा गुन्हा परवानगीविना फ्लेक्स लावल्याचा होता, हे इथे नोंदवलेलं बरं.

२०२२ च्या मे महिन्यातलं केतकी चितळे प्रकरण या सगळ्यांच्या वरताण. शरद पवारांवरची, दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेली एक रचना या अभिनेत्रीने फेसबुकवर पुढे टाकली. राज्यभरात वीसहून अधिक गुन्हे दाखल झाले. एकाच माणसाने एकदाच टाकलेल्या पोस्टने इतक्या गावांत, इतक्या लोकांच्या भावना, इतक्या वेळा दुखावल्या. रचनेत ‘तुका म्हणे’ असल्याने देहूच्या संस्थाननेही आक्षेप घेतला. तुकोबांच्या गाथेला इंद्रायणीत बुडवणाऱ्यांची परंपरा ज्या गावाने पाहिली, त्या गावाची चिंता समजण्यासारखी आहे. चितळे जवळपास चाळीस दिवस कोठडीत राहिल्या. आणि त्या आत असतानाच नवी मुंबईच्या रबाळे पोलिसांना २०२० सालची त्यांची आणखी एक पोस्ट आठवली. तिच्यावरचा गुन्हाही २०२० चाच होता, पण दोन वर्षं त्याची कोणाला घाई नव्हती. पोस्ट जुनी, गुन्हा जुना, अटक तेवढी ताजी.

त्याच वर्षी जूनमध्ये दिल्लीत पत्रकार मोहम्मद झुबेर यांना अटक झाली ती २०१८ च्या ट्विटसाठी. ट्विटमध्ये १९८३ च्या एका हिंदी चित्रपटातलं दृश्य होतं. सेन्सॉरने पास केलेल्या आणि दूरदर्शनच्या काळापासून घरोघरी हसत पाहिलेल्या त्या दृश्याने भावना दुखावायला ३९ वर्षं घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २० जुलैला त्यांना जामिनावर सोडलं.

गंमत अशी की फौजदारी कायदा अशा बाबतीत वर्तमानपत्रापेक्षा पुष्कळ सुसंस्कृत आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. नुसत्या दंडाचा गुन्हा असेल तर सहा महिने. जुन्या दंड प्रक्रिया संहितेत ही तरतूद होती, जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. म्हणजे किरकोळ गुन्ह्यापुरतं तरी न्यायालय म्हणतं की आता पुरे, माणसाला जगू द्या. कॉलेजात असताना केलेल्या चावट विनोदाला अशी मुदत नाही.

इथे हसू थांबतं. ३१ मे २०१४ च्या सुमारास शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रं फेसबुकवर फिरली आणि पुण्यात दगडफेक, जाळपोळ झाली. २ जूनच्या रात्री हडपसरमध्ये, सोलापूरहून नोकरीसाठी आलेला एक तरुण नमाजानंतर घरी परतत असताना जमावाने त्याला ठार मारलं. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. त्याची दाढी आणि टोपी जमावाला पुरली. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. ‘संतापाची लाट’ हे दोन शब्द उपसंपादक चहाच्या घोटाबरोबर टंकतो तेव्हा ती कुठवर जाते, हे हडपसरला ठाऊक आहे.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मात्र ही लाट एकदा उलटी फिरली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये कार्सन किंग नावाच्या तरुणाने फुटबॉलच्या एका कार्यक्रमात ‘बिअरला पैसे द्या’ असा फलक गमतीने धरला. पैशांचा पाऊस पडला, तेव्हा त्याने ते लहान मुलांच्या रुग्णालयाला द्यायचं ठरवलं. रक्कम तीस लाख डॉलरच्या वर गेली. ‘द मॉइन रजिस्टर’ या वृत्तपत्राने त्याच्यावर लेख करायला घेतला आणि वार्ताहराने रीतसर चौकशी म्हणून त्याची सोळाव्या वर्षीची दोन वंशद्वेषी ट्विटं शोधून काढली. बिअर कंपनीने हात झटकले. वाचक खवळले, पण वर्तमानपत्रावर! त्यांनी वार्ताहराचीच जुनी ट्विटं खणली, तीही तशीच निघाली, आणि वार्ताहराची नोकरी गेली. हा किस्सा मराठी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत नोकरीवर घेतानाच ऐकवायला हरकत नाही.

आता पिंपरी-चिंचवडकडे परत येऊ, कारण खरा माल इथेच आहे आणि त्याला कोणी हात लावत नाही. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या पावणेचार वर्षांत शिवसेना फुटली, राष्ट्रवादी फुटली, घड्याळ एकीकडे गेलं, तुतारी दुसरीकडे वाजली. १२८ जागांसाठी इच्छुकांनी या काळात कोणाकोणाला ‘आमचं दैवत’ म्हटलं, कोणाच्या वाढदिवसाला कोणाचा फोटो लावला आणि पुढच्या वाढदिवसाला कोणाचा काढला, हे सगळं त्यांच्याच भिंतींवर तारीखवार टांगलेलं आहे. ते वाचून नेटकरी संतापल्याचं ऐकिवात नाही. आंबट विनोद करणारा पोरगा आयुष्यातून उठतो. दैवत बदलणाऱ्याला उमेदवारी मिळते.

तळेगावचा वेदांता-फॉक्सकॉन आठवा. १ लाख ५४ हजार कोटींचा हा प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातला गेला, तेव्हा दोन्ही बाजू एकमेकांची जुनी वक्तव्यं घेऊन महिनाभर भांडल्या आणि पानंच्या पानं भरली. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने वेदांताची साथच सोडली. ज्यांनी हजारो नोकऱ्यांचे आकडे ठळक टाइपात छापले होते, त्यांनी आपलीच ती जुनी पानं काढून ‘तेव्हा आम्ही काय लिहिलं होतं’ असं सदर चालवल्याचं दिसलं नाही.

खणायचंच असेल तर वर्तमानपत्रांनी आपल्या बांधीव अंकांपासून सुरुवात करावी. चाकणला आंतरराष्ट्रीय विमानतळ होणार म्हणून कित्येक वर्षं मथळे लागले, जागा बदलल्या, जमिनींचे भाव चढले, शेतकरी रस्त्यावर आले. २०१६ मध्ये विमानतळाने पुरंदरचा रस्ता धरला आणि तिथेही अजून विमान उतरलेलं नाही. चाकणवरून जाणारी सुमारे २३५ किलोमीटरची पुणे-नाशिक वेगवान रेल्वे झालीच म्हणून समजा, असं लिहिलं गेलं. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने वाट अडवली आणि आता मार्ग अहिल्यानगर, शिर्डीकडे वळवायचं चाललं आहे. इंद्रायणीच्या फेसावर दर आषाढीला आश्वासन छापून येतं, आणि दर आषाढीला फेसही येतो. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्याच्या रुंदीकरणाची कात्रणं तर वजनावरच विकावी लागतील.

या कात्रणांवर तारीख आहे, बोलणाऱ्याचं नाव आहे, फोटो आहे. वार्ताहरांनी ती एकेक करून पुन्हा छापावी आणि ज्याचं त्याला विचारावं की साहेब, ही आपली जुनी पोस्ट, काय म्हणता? लोकांचा संताप हवा असेल तर संध्याकाळी सहाला चाकणच्या तळेगाव चौकात वही घेऊन उभं राहावं. तिथली माणसं प्रतिक्रिया द्यायला तयार असतात, आणि तासभर तरी जागची हलत नाहीत.