पुनर्विकासाला आईची संमती नाही

ठाण्याच्या वर्तकनगरात समोर काही नवं उभं राहिलं की आपलं आपोआप जुनं होतं. म्हाडाच्या बिनलिफ्टच्या इमारती एकेक करत पत्र्याच्या कुंपणाआड गेल्या आणि टॉवर होऊन बाहेर आल्या. पोखरण रोडवरची रेमंडची गिरणी १९२५ सालची. ती २००९ मध्ये बंद झाली आणि जे. के. ग्रामच्या त्या जागेवर आता रेमंडचेच टॉवर आहेत. सुटाचं कापड गेलं, सुटसुटीत फ्लॅट आले. अशा वस्तीत राहून माझा लॅपटॉप तीन वर्षं तग धरून आहे याचंच घरच्यांना नवल वाटतं.

आता तो हळू झालाय हे खरं. मी सोसायटीचा सेक्रेटरी. सभेचं इतिवृत्त टाइप करायला बसलो की मी चौथ्या ठरावावर असतो आणि पडद्यावर अजून 'सभेची सुरुवात खेळीमेळीच्या वातावरणात' एवढंच उमटलेलं असतं. (खेळीमेळी खोटी असते, पण ते वाक्य मी पुसत नाही.) जरा काम वाढलं की आतला पंखा येऊरचा चढ चढणाऱ्या टीएमटीच्या बससारखा घोंघावायला लागतो. मग ही स्वयंपाकघरातून ओरडते, "बंद करा ते, कुकरची शिट्टी ऐकू येत नाहीये."

नवा घ्यावा असा विषय निघाला आणि घरात लगेच एकमत झालं. आमच्या सोसायटीच्या इतिहासात एवढ्या झटपट कशावरही एकमत झालेलं नाही, म्हणून मला संशय आला. मागचं गणित नंतर कळलं. आमच्या घरात यंत्रांची उतरंड आहे. नवं यंत्र माझ्यासाठी येतं, माझं मुलीला जातं, मुलीचं हिला आणि हिचं आईला. म्हणजे मी एक लॅपटॉप घेतला की चार जणांचा एकदम पुनर्विकास होतो आणि पैसे एकट्या बिल्डरचे जातात. बिल्डर अर्थात मी.

विरोध फक्त आईचा. तिच्याकडे जुना टॅब आहे. त्यावर ती सुडोकू सोडवते आणि सकाळी अभंग लावते. "मला तुझ्या बायकोचा कॉम्प्युटर नको. मांडीवर घेतला की तापतो. आणि माझा सुडोकू त्यात गेला नाही तर?" मी म्हटलं, आई, सगळं नव्यात येईल. ती म्हणाली, "पलीकडच्या इमारतीतल्यांनाही असंच सांगितलं होतं. भाड्याच्या घरात आहेत अजून." सोसायटीच्या पुनर्विकासाला २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे ५१ टक्के संमती पुरते. आमच्या घरात ७५ टक्के झाली तरी आई हलली नाही, आणि तिला नोटीस कोण देणार?

खरं तर यंत्र अगदीच मोडकळीला आलं असतं तर प्रश्न मिटला असता. आमची महापालिका इमारतींची सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ अशी वर्गवारी करते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, सामान उचला आणि निघा. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वापरणाऱ्यांना १४ ऑक्टोबर २०२५ ला जवळजवळ तशीच नोटीस लावली. नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद, आणि विंडोज ११ वर जायचं तर टीपीएम २.० नावाची चिप हवी, प्रोसेसरही फार जुना चालणार नाही. धडधाकट यंत्रं एका रात्रीत सी-१ ठरली. माझं नशीब असं की माझ्या लॅपटॉपवर पहिल्या दिवसापासून विंडोज ११ च आहे. फार तर सी-३, किरकोळ दुरुस्ती. नवा घ्यायला सबळ कारण हाताशी नाही.

कारण शोधायला गोखले रोडवरच्या एका दुकानात गेलो. विक्रेत्या मुलाने मला नखशिखांत न्याहाळलं आणि 'एआय पीसी' पुढे सरकवला. "सर, यात एनपीयू आहे. चाळीस टॉप्स." एनपीयू म्हणजे एआयची कामं करणारी चिप, आणि हे टॉप्स कानातले नव्हेत. एक टॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी. मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या मे महिन्यात अशा यंत्रांसाठी किमान चाळीसची अट घातली. सेकंदाला चाळीस लाख कोटी! माझ्याकडे महिन्याला एक आकडेमोड असते, मेंटेनन्स कोणी थकवलाय त्याची, आणि तिचं उत्तर मला आधीपासून पाठ आहे.

"जुना एक्स्चेंजमध्ये देऊन टाका, सर." त्याने सांगितलेली किंमत ऐकून मी लॅपटॉपची पिशवी छातीशी धरली.

ती किंमत तळमजल्यावरच्या सीए काकांना सांगितली. त्यांना मुळीच धक्का बसला नाही. धंद्यातल्या कॉम्प्युटरवर आयकर खातं दरसाल ४० टक्के घसारा मान्य करतं. साठ हजारांचं यंत्र पहिल्या वर्षानंतर ३६,०००, दुसऱ्यानंतर २१,६००, तिसऱ्यानंतर १२,९६०. "आणि २०१७ पर्यंत हाच दर साठ टक्के होता," काका कौतुकाने म्हणाले. राहत्या इमारतीला तेच खातं फक्त ५ टक्के लावतं. म्हणजे सरकारच्या लेखी कॉम्प्युटर इमारतीच्या आठपट वेगाने म्हातारा होतो. मी खिडकीतून समोर पाहिलं. समोरची इमारत माझ्या लॅपटॉपच्या आधी गेली होती.

"पण तू थांब," काका म्हणाले, "पुढचं मॉडेल येऊ दे."

या थांबण्याने एक अख्खी कंपनी बुडाली असं सांगतात. अ‍ॅडम ऑस्बोर्न नावाच्या गृहस्थाने १९८१ मध्ये उचलून नेता येणारा कॉम्प्युटर काढला. किंमत १,७९५ डॉलर, पडदा पाच इंचांचा, वजन अकरा किलो. उचलून नेता येणारा म्हणजे गव्हाचं पोतंही उचलून नेता येतं त्या अर्थाने. तरी तो धडाधड खपला. मग १९८३ मध्ये ऑस्बोर्नसाहेब पुढची मॉडेलं तयार व्हायच्या आधीच त्यांच्याबद्दल बोलून बसले. लोक म्हणाले, असं आहे होय, मग थांबतो. जुनं कोणी घेईना, नवं बाजारात पुरेसं येईना, आणि त्या सप्टेंबरात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. जाणकार इतरही कारणं देतात, पण असं काही घडलं की आजही त्याचंच नाव घेतात.

मला यातली गंमत वेगळीच वाटते. हा ऑस्बोर्न लहानाचा मोठा झाला तिरुवन्नामलईला. वडील रमण महर्षींचे भक्त. 'मी कोण?' एवढा एकच प्रश्न विचारत बसा, असं जिथे सांगत, तिथल्या पोराने पुढे साऱ्या जगाला 'नवीन काय?' विचारायला लावलं. शेवटी तो भारतातच परतला आणि २००३ मध्ये कोडाइकनालला वारला. त्याच्या कंपनीला भोवलेला रोग मात्र आमच्या सोसायटीत मुक्कामाला आहे. दर सभेत कोणीतरी उठतं, "याची ऑफर नको, पुढचा बिल्डर जास्त कार्पेट देईल." कॉर्पस वाढतो, भाडं वाढतं, सगळं कागदावर. जिन्यातलं प्लास्टर तेवढं खरोखर खाली येतं.

शेवटी नाक्याजवळच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या मुलाकडे गेलो. लॅपटॉप सुरू करून त्याने दोन मिनिटं ऐकलं, डॉक्टर छाती ऐकतात तसं नव्हे, कंटाळून. "रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे, काका. आठ जीबी टाकू शकतो. पण भाव विचारू नका." विचारला. नसता विचारला तर बरं झालं असतं. आपल्या खाडीपलीकडे ऐरोलीला आहेत तसली डेटा सेंटरं जगभर उभी राहतायत आणि एआयच्या भुकेपायी मेमरीच्या चिपा घाऊक उचलतायत. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला क्रूशियल हा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. म्हणजे एआयसाठी नवा कॉम्प्युटर घ्या म्हणणारेही तेच आणि जुन्याची रॅम महाग करणारेही तेच. एवढी चोख कोंडी आमच्या बिल्डरालाही जमलेली नाही.

"उघडून तरी बघ," मी म्हटलं.

त्याने बारीक स्क्रू काढून चुंबकाच्या पट्टीवर ओळीने लावले, नखाने कड उचकटली आणि झाकण काढलं. पंख्याची पाती दिसेनात. उष्णता बाहेर टाकायच्या तांब्याच्या जाळीपुढे राखाडी, जाड, नमद्यासारखा थर बसला होता. त्याने चिमट्याने एक टोक धरून ओढलं तर अख्खी पट्टी सोलून निघाली. ती त्याने चिमटीत चुरडली. बोटं पांढरट झाली.

"काका, हे घरातलं नाही. सिमेंट आहे."

आमची खिडकी समोरच्या टॉवरच्या बाजूला. लॅपटॉप त्याच खिडकीशी. तीन वर्षं तो समोरचं बांधकाम श्वासाबरोबर आत घेत होता. वारा अडला की प्रोसेसर तापतो, तापला की जळून जाऊ नये म्हणून आपला वेग स्वतःच कमी करतो. तो म्हातारा झाला नव्हता, गुदमरला होता. मुलाने टूथब्रश फिरवला, ब्लोअर मारला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली आणि एका पिझ्झाच्या भावात काम उरकलं.

घरी येऊन लॅपटॉप लावला. इतिवृत्त माझ्या बोटांबरोबर पळायला लागलं. हिला कुकरच्या सगळ्या शिट्ट्या ऐकू आल्या, पण चेहऱ्यावर समाधान म्हणून नाही. आई टॅब घेऊन सुडोकूला बसली, जिंकलेल्या भाडेकरूच्या थाटात. मुलगी मात्र बराच वेळ खिडकीत उभी राहून समोर पाहत होती.

"बाबा," तिने विचारलं, "समोरच्या बी विंगचं काम कधी सुरू होतंय?"