निवृत्तांचं बहुमत

डिसेंबर २०१९मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पत्र लिहून जगाला कळवलं की, गूगल आता एकवीस वर्षांचं झालं, लेकराने घराबाहेर पडावं. आपण यापुढे नुसते कौतुक करणारे आई-बाप. सल्ला देऊ, माया करू, रोजची कटकट करणार नाही. गूगलची पालक कंपनी अल्फाबेट सुंदर पिचाईंच्या हाती आली. गूगल आधीपासून होतीच. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पेढे वाटायचेच तेवढे राहिले.

सातबारा मात्र कोणी काढून पाहिला नाही. अल्फाबेटचे शेअर तीन जातींचे. 'ए'ला एक मत, 'बी'ला दहा, 'सी'ला शून्य. 'बी' बाजारात मिळत नाही, आणि त्यातले बहुतेक या दोघांकडे. म्हणजे निम्म्याहून जास्त मतं दोन खिशांत. 'एका शेअरला एक मत द्या' असा ठराव भागधारक दरवर्षी हौसेने आणतात, तो दरवर्षी पडतो. पडेल नाही तर काय! बिऱ्हाड थाटून दिलं, भांडणंही लेकरानेच निस्तरायची, जमीन तेवढी थोरल्यांच्या नावावर. संचालक मंडळावरही दोघे आहेतच.

मग पिचाईंना मिळालं काय? उत्तरं देण्याची नोकरी. तिची उमेदवारी त्यांनी आधीच केली होती. सप्टेंबर २०१८मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीने अल्फाबेटचे तेव्हाचे मुख्याधिकारी म्हणून पेज यांना बोलावलं. फेसबुक आलं, ट्विटर आलं, गूगलची खुर्ची रिकामी. तीन महिन्यांनी दुसऱ्या सभागृहाच्या समितीपुढे पिचाई तासन्‌तास बसले. एका खासदारांनी विचारलं, माझ्या नातीच्या आयफोनवर माझ्याविषयी हे असलं काही दिसतंच कसं? पिचाई शांतपणे म्हणाले, आयफोन दुसरी कंपनी बनवते. या संयमासाठी पगार द्यावाच लागतो. २०२३मध्ये मक्तेदारीच्या खटल्यात साक्ष द्यायलाही तेच उभे. पुढच्या वर्षी न्यायाधीश अमित मेहतांनी सर्चमधली मक्तेदारी बेकायदा ठरवली, तेव्हा बातमीतला फोटोही त्यांचाच.

दरम्यान चॅटजीपीटी आलं, गूगलमध्ये धावपळ उडाली आणि ब्रिन परतले. फेब्रुवारी २०२५मध्ये त्यांनी जेमिनी या गूगलच्या एआयवर काम करणाऱ्यांना लिहिलं: आठवड्याला साठ तास हे उत्तम प्रमाण, आणि निदान सोमवार ते शुक्रवार ऑफिसात या. हुद्दा विचारू नका. दहापट मतांना हुद्दा लागत नाही.

आणि जानेवारी २०२३? बारा हजार माणसं एका झटक्यात घरी गेली. 'संपूर्ण जबाबदारी माझी,' असं पिचाईंनी लिहिलं. आदल्या वर्षाची त्यांची मिळकत २२ कोटी ६० लाख डॉलर, हे तीनेक महिन्यांनी उघड झालं. बहुतेक शेअरांच्या रूपात, तेही अर्थात 'बी' नव्हेत. ज्यामुळे ही कपात करावी लागली ती भरमसाट भरती मुख्याधिकाऱ्याने केली, हे मान्य. पण त्याला नेमणारं, त्याचा मोबदला ठरवणारं संचालक मंडळ ज्यांच्या मतांवर निवडून येतं, त्या दोघांना कोणी काही विचारलं का? कसं विचारणार, ते निवृत्त! त्यातला एक जवळजवळ रोज ऑफिसात असतो, ही गोष्ट वेगळी.